पन्नासास एक

दांडिया बाजारच्या अग्निशमन भांडारात
माझं काम सहीचं.
होज, हेल्मेट, गमबूट, दोर,
आणि बोटीच्या मोटरसाठी तेल, टू-स्ट्रोक, वीस लिटर.
तीन कोटेशनं आली. सर्वांत कमी जे
त्याच्याखाली मी सही केली.
स्कूटरचं होतं. तेलच ना, म्हटलं.

ढमढेरे एक डबा घेऊन माघारी आले,
टेबलावर ठेवला, झाकण न उघडता.
"हेमाबेन, हे कुणाला पाजायचं?"
(माझं आडनाव पोतनीस,
पण या गावात चार वर्षांत कुणीही बेन होतं.)

खिशातून कागदाची पुडी काढली,
पुडीत जुना प्लग, टोकाला पांढुरकी खपली.
"स्कूटर वाऱ्यावर निवते.
तापते फार, म्हणून तिचं तेल तिखट,
जळताना राख मागे ठेवणारं.
आमची मोटर नदी पिते.
विश्वामित्री आत घेते, अंगभर फिरवते,
बाजूने चूळ टाकते.
गार अंगाची बाई ती.
तिच्यात ही राख जळून जात नाही,
बसते.
रिंगांत बसते, प्लगवर बसते,
आणि मग ऐन पाण्यात मोटर खोकते,
आणि मगरी मान वर करतात."

"रंग तर निळाच आहे," मी म्हटलं.
"रंगाचं काय, शाईपण निळीच असते."
डबा फिरवून त्यांनी मागचं बारीक अक्षर दाखवलं.
तिथे हवं होतं टीसी-डब्ल्यू थ्री.
तिथे नव्हतं.

मी फाइल परत पाठवली.
फाइल वर गेली,
ऑडिटच्या टेबलावर जाऊन बसली.
जळली नाही. बसली.

ऑगस्टात आजव्याहून पाणी सुटलं.
वडसरला गल्ल्या नाहीशा झाल्या,
वरच्या मजल्यांच्या खिडक्या तेवढ्या तरंगत राहिल्या.
चांगल्या तेलाचे शेवटचे दोन डबे
तिसऱ्या फेरीत संपले.
रात्री दोनला ढमढेरे भांडारात आले,
गुडघ्यापर्यंत चिखल, आवाज बसलेला.
गच्चीवर एक म्हातारे, ऑक्सिजनचं सिलिंडर,
काटा लाल रेघेच्या जवळ.

मी रॅककडे बघितलं नाही.
त्यांनी बघितलं.
परत न गेलेले ते डबे.

मला वाटलं, आता बोलतील.
ते म्हणाले, "टॉर्च धरा."
चोवीस लिटर पेट्रोल, पन्नासास एक.
माप म्हणून नातीची दुधाची बाटली,
दोनशे चाळीसवर रेघ. एक बाटली. दुसरी बाटली.
हात थरथरत होते, तरी रेघेच्या वर एक थेंब नाही.
"चुकीचं तेल म्हणजे दुखणं,
बिनतेलाची मोटर म्हणजे मरण.
दुखणं उद्या बघू."
टाकी हलवली, छातीशी धरली आणि गेले.

पहाटेपर्यंत मी
लांबून येणारा प्रत्येक आवाज मोटरचा समजत होते.
एक तर पाणी उपसणारा पंप निघाला.

म्हातारे आले. सिलिंडर आलं.
त्यांच्या मांडीवर एक पोपटाचा पिंजरा,
त्याबद्दल कुणाला कळवलं नव्हतं.

पाणी उतरल्यावर ढमढेरे उलट्या क्रेटवर बसून
पितळी ब्रशने प्लग घासत होते.
राख त्यांच्या बुटावर पडत होती.
मला एक शब्द बोलले नाहीत.
जाताना घासलेला एक प्लग
माझ्या फाइलवर ठेवून गेले, पंख्याच्या वाऱ्याला वजन म्हणून.

नव्या मागणीपत्रात
"वर्णन" या रकान्यात मावेना इतकं मी लिहिलं:
पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं,
राख न करणारं,
डब्यावर टीसी-डब्ल्यू थ्री छापलेलं असेल तरच.
मजकूर समासात गेला, मग पाठीमागे.

संध्याकाळी रावपुऱ्यातून
दुधाची एक नवी बाटली आणली, दोनशे चाळीसची.
पहिल्याच दुकानातून.
भाव विचारला नाही.